बसून घेतलेले माप

लायमन टेगार्डनच्या दुकानात शिरणाऱ्या माणसाला खोगिरे दिसण्याआधी एका गाडीची बैठक दिसत असे. एका मोडीत निघालेल्या पिकअपची ती सलग, दोघांना पुरेल अशी बैठक लायमनने बावीस वर्षांपूर्वी आणून दुकानाच्या जमिनीला बोल्टांनी घट्ट आवळली होती. पुढे त्याच गाडीचे स्टिअरिंग, पायाशी पेडले, दोन्ही बाजूंना सीटबेल्टचे पट्टे, आणि डावीकडे बिजागरीवर हलणारे अर्धे दार. काच नव्हती आणि रस्ताही नव्हता. समोर होती ती भिंत, आणि भिंतीवर खुंट्यांना लटकणारी निळ्या प्लास्टिकची पिस्तुले, खऱ्यांच्या बरोबरीच्या मापाची आणि वजनाची.

केस्टर गावच्या आसपास माणसाचा दिवस उभ्याने जात नाही, गाडीत बसून जातो. गुरांना मीठ घालायचे तर तीस मैल, कुंपण पाहायचे तर वीस, दंतवैद्याकडे जायचे तर नव्वद. आणि कमरेचे पिस्तूल उभ्या माणसाच्या मापाचे असते. उजव्या कुशीला लावलेले शस्त्र उभे असताना जणू अंगाचाच भाग वाटते. तोच माणूस गाडीत बसला की पट्ट्याचे कुलूप नेमके त्याच जागी येते, मूठ बरगडीत रुतते, नळी मांडीला रेटते. दहा मैल तो सोसतो, वीस मैल कूस बदलतो, तिसाव्या मैलाला पिस्तूल काढून मांडीखाली सारतो किंवा दाराच्या कप्प्यात टाकतो आणि मग विसरतो. उतरताना ते पेट्रोलपंपाच्या फरशीवर पडते, नाहीतर शेजारच्या आसनावरच्या कुणाच्या हाती लागते. अंगावरच्या शस्त्रापेक्षा अंगावेगळे झालेले शस्त्र लायमनला अधिक भयंकर वाटे. म्हणून तो माप बसवून घेई. चाळीस वर्षांच्या जीनगरीत एवढीच एक गोष्ट आपण नवी केली, असे तो मानत असे, आणि त्या एका गोष्टीवर त्याची देवघरातल्या वस्तूवर असावी तशी निष्ठा होती.

मार्च महिन्याच्या मध्यावर, सकाळी अकराच्या सुमारास, वारा पत्र्याशी झटत असताना मर्ल ओस्टर्मन दुकानात आला. पासष्टीचा, उंच, खांद्यात किंचित वाकलेला. त्याची गुरांची रँच उत्तरेला बावीस मैलांवर होती, आणि लायमनची त्याची ओळख दोघांचे केस काळे असल्यापासूनची होती.

शिलाईयंत्रामागे बसलेल्या व्हर्नाने चष्म्यावरून पाहिले. ती लायमनची थोरली बहीण. दुकानातला मेणदोरा आणि बोलणे, दोन्ही तिच्याच ताब्यात असत.

"अगं बाई! मार्चमध्ये दाढी केलेला रँचर?" ती म्हणाली. "बूटही चकाचक! लग्न ठरलं की काय रे मर्ल?"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. मर्लची बायको आयडेल ऑक्टोबरात गेली होती.

"नाही गं," मर्ल शांतपणे म्हणाला. "नवरदेव व्हायचं वय सरलं." मग तो लायमनकडे वळला. "मला गाडीत बसून घालता येईल असं म्यान हवंय. हे उजवीकडचं फार बोचतं. आजच्या आज होईल?"

"आज?" लायमन हसला. "आज फक्त माप होईल. तुला ठाऊक नाही का माझी रीत?"

"तयार एखादं पडलं असेल."

"तयार म्यान इथे नसतं रे. ते शहरात मिळतं, आणि म्हणून शहरातले लोक वाकडे चालतात. बस."

मर्ल बसला. पण त्याआधी पिस्तूल रिकामे करण्याचा विधी होता. मर्लने ते टेबलावर ठेवले. लायमनने गोळ्या काढून कथलाच्या वाडग्यात टाकल्या, शस्त्र उजेडाकडे धरून दोनदा आत पाहिले, करंगळी घालून तिसऱ्यांदा खात्री केली आणि मगच ते परत दिले. मर्लने ते जुन्या म्यानात खोचले, पट्टा ओढून कुलपात अडकवला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. ते हात पाहून लायमनच्या मनात काहीतरी खटकले, पण काय ते त्याला लगेच उमगेना.

तो पलीकडच्या बाजूने शेजारी जाऊन बसला. रीतच तशी होती. अर्धा तास दोघांनी भिंतीकडे पाहत गाडी चालवायची आणि लायमनने हातात खडू घेऊन शेजाऱ्याचे अंग कुठे आखडते, कुठे सैलावते ते पाहायचे. शेजारी बसून समोर पाहणारी माणसे एकमेकांशी जसे बोलतात तसे समोरासमोर कधी बोलत नाहीत. त्या बैठकीवर लायमनने घटस्फोट ऐकले होते, आजार ऐकले होते, एकदा तर एका धिप्पाड ट्रकवाल्याचे रडणे ऐकले होते. आणि बाहेर त्यातला एक शब्दही नेला नव्हता.

"चल," तो म्हणाला. "घाटाच्या रस्त्याने घे. सावकाश."

मर्ल चालवू लागला. म्हणजे बसून राहिला. पण त्याला बसवत नव्हते. तो डावीकडे कलला, उजवीकडे कलला, पट्टा सैल केला, पुन्हा ओढला. टाच पेडलवर थडथडत होती. मूठ बरगडीत रुतत होती हे तर दिसतच होते, परंतु लायमनने शेकडो रुतणाऱ्या मुठी पाहिल्या होत्या. ही चुळबुळ मुठीची नव्हती. मूठ जेथे पोहोचत नव्हती तेथून ती येत होती.

"गाई कशा आहेत? वासरं किती झाली—" लायमनने जीभ आवरली. दुसऱ्याची गुरे किती हे त्या मुलखात कोणी विचारत नाही; ते त्याचे पैसे मोजण्यासारखे असते. "म्हणजे, काम उरकतंय ना?"

"गाई शेजारच्या पेरीकडे दिल्या. या वर्षापुरत्या म्हण. तोच बघतोय वासरांचं."

"आणि बिस्किट?"

"तोही तिकडेच. कुत्र्याला गुरं लागतात. माझ्याजवळ बसून काय करणार?"

आता लायमनला हात उमगले. ते स्वच्छ होते. मार्चच्या मध्यावर, वासरे जन्मण्याच्या ऐन दिवसांत, त्या मुलखातल्या एकाही माणसाचे हात स्वच्छ नसतात. नखांत रक्त असते, बाह्यांना गाईची वार चिकटलेली असते, डोळे झोपेविना तांबारलेले असतात. गावात केस कापायला येतात तेसुद्धा घाईने, अर्धे केस कापून झाले की परत पळण्याच्या बेताने. मर्लची नखे मात्र रविवारच्या प्रार्थनेला निघालेल्या माणसाची होती.

"गाडीत माझं खोगीर आहे," मर्ल म्हणाला. "येताना आणलं. ठेवून घे. कुणा होतकरू पोराला दे, बसणं ज्याला येतंय अशाला."

"ते तर मीच केलेलं. तुझ्या लग्नाच्या वर्षी."

"म्हणूनच म्हटलं तुझ्याकडे आणावं."

वाऱ्याने दाराची कडी वाजवली. लायमनने मागे वळून पाहिले, पुन्हा पुढे पाहिले. त्यालाही आता बसवेना. त्याने आवाज नेहमीचा ठेवला.

"डाव्या बाजूला, पोटाच्या पुढे, तिरकं लावू. मूठ उजवीकडे झुकलेली. म्हणजे कुलूप मोकळं राहील, पट्टा वरून जाईल आणि हात आडवा आला की नेमका मुठीवर पडेल. जाड कातडं घेऊ, खांद्याकडचं. तेलपाणी करत राहिलास तर तीस वर्षं हलणार नाही."

"तितकं नको," मर्ल म्हणाला.

यंत्रामागे व्हर्नाचा पाय थांबला.

मापाचा शेवटचा भाग राहिला होता. गिऱ्हाईक बोलण्यात रमले असताना लायमन एकाएकी ओरडत असे, आणि त्या क्षणी हात कुठे जातो, खांदा किती उचलतो, ते खडूने टिपत असे. बावीस वर्षांत प्रत्येकाचे डोके खिडकीकडे वळले होते आणि प्रत्येकाचा हात हलला होता. गावच्या पाद्र्याचासुद्धा, आणि नंतर तो फार लाजला होता.

"खिडकीशी कोणी आलं!" लायमन ओरडला.

मर्लचे डोके वळले नाही. हात स्टिअरिंगवर होते तिथेच राहिले.

"येऊ दे," तो म्हणाला. "माझं काय जातं?"

लायमनचा खडू हवेतच राहिला. जो माणूस खिडकीकडे पाहतही नाही, त्याला हाताशी पिस्तूल कुणासाठी हवे होते?

नऊ वर्षांपूर्वी याच बैठकीवर वेंडेल बसला होता. वेंडेल शाळेची बस चालवी, शुक्रवारी लायमनबरोबर मासे धरी. तोही घाईत होता. लायमनने इतर कामे बाजूला सारून दोन दिवसांत म्यान करून दिले होते, टाका न् टाका मोत्यासारखा, आणि 'दोन दिवसांत केलं' म्हणून चारचौघांत मिरवलेही होते. वेंडेलने बैठकीवर हवापाण्याच्या गोष्टी केल्या, आणि लायमनने हवापाण्याचीच उत्तरे दिली. आठवड्याने वेंडेलला पुरले तेव्हा ते म्यान कुठे गेले हे कोणी सांगितले नाही आणि त्याने विचारले नाही. न विचारण्याची ती सवय त्याच्या अंगात तेव्हापासून टोचत होती. कूस बदलून ती जात नव्हती.

तरी त्याने आधी आडवाट धरली.

"बरं, माप झालं," तो म्हणाला. "आता पिस्तूल इथे ठेवून जा. कातडं ओलं करून त्याच्यावरच बसवावं लागतं, आणि वाळेपर्यंत काढता येत नाही. दहाएक दिवस लागतील."

मर्लची नजर समोरच्या भिंतीवर गेली. डावीकडून तिसऱ्या खुंटीवर एक निळे पिस्तूल होते, तीच घडण, तेवढीच नळी, तशीच मूठ; त्याच्याच पिस्तुलाची हुबेहूब प्रत. ओले कातडे बसवण्यासाठीच तर ती सारी भिंत होती. मर्लने ते पाहिले. आपण पाहिले हे लायमनने पाहिले, हेही त्याने जाणले.

"त्या निळ्याला काय झालं?" तो म्हणाला.

दुसऱ्याचे शस्त्र मागणे हे गुरे किती म्हणून विचारण्याहूनही अशिष्ट होते. लायमनने तसे कधी केले नव्हते. त्याच्या बापाने केले नव्हते. लायमनने खडू बैठकीवर ठेवला आणि तोही भिंतीकडेच पाहत राहिला, कारण मर्लकडे पाहिले असते तर शब्द फुटला नसता.

"मर्ल, तू स्वतःला संपवायचा विचार करतोयस का?"

वारा पत्र्याशी झटत राहिला. व्हर्नाने यंत्रावरून हात उचलले नाहीत आणि मान वर केली नाही. मर्लची टाच मात्र थडथडायची थांबली.

"येताना दोनदा गाडी कडेला घेतली," तो म्हणाला. "एकदा पुलाजवळ. एकदा पेरीच्या फाटकापाशी. ही मूठ बोचत होती म्हणून म्हटलं जरा उतरावं, अंग मोकळं करावं... मग म्हटलं, नाही, आधी लायमनकडे जाऊ. नीट बसवून घेऊ. वेड्यासारखंच ना?"

"वेड्यासारखं कसं? आलास ना."

"ती शेजारी असायची तेव्हाही बोचायचंच रे. ती म्हणायची, काढून ठेव ते मेलं, नाहीतर सरळ बस, मला तुझी ही वळवळ बघून मळमळतं. आता वळवळलो तरी कुणी काही म्हणत नाही. शंभर शंभर मैल कुणी काही म्हणत नाही."

आयडेल गाडीत बसायची त्या बाजूला लायमन बसला होता. हे त्याला आत्ता कळले. काय बोलावे ते न सुचून त्याने जे आले ते म्हटले.

"मग मी म्हणतो. सरळ बस. मलाही मळमळतंय."

मर्लच्या घशातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कशाचा, हे लायमनने ठरवले नाही. थोड्या वेळाने मर्लने पट्ट्याचे कुलूप सोडले, मागे हात नेला, म्यानासकट पिस्तूल काढले आणि दोघांच्या मध्ये, खडूशेजारी ठेवले.

"निळ्यावर नीट बसत नाही कातडं," तो म्हणाला. "खऱ्यावरच बसव."

"तेच म्हणतोय मी मघापासून."

"घरी दोन रायफली आहेत."

"त्यांचे पट्टेही जुने झाले असतील. आज दुपारीच येतो बघायला. घेऊनच येतो इकडे. आणि तुझ्या मुलीला फोन करतो. चालेल?"

"तिला घाबरवू नकोस."

"घाबरेल. घाबरू दे थोडी. तिचा हक्क आहे तो."

व्हर्ना उठली. तिने डोळे पुसले, आणि कॉफीचे दोन पेले भरून बैठकीपाशी आणले. अर्धे दार गुडघ्याने ढकलून, खिडकीतून द्यावेत तसे दिले.

"डॉक्टरबाई आज चारपर्यंत असतात," ती म्हणाली. "मी विचारलं नाही, सांगतेय. लायमन चालवेल, तू शेजारी बस. आणि पेरीच्या बायकोचा काल फोन होता, दोन रात्री तो माणूस झोपलेला नाही म्हणे. साठ गाई आणि दोन हात. त्याच्या गोठ्यात दाढी केलेला माणूस चालेल का, ते मात्र विचारलं नाही मी."

"व्हर्ना, तू जिवंत सोडणार नाहीस कुणाला," मर्ल म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याला ऐकू आले.

"नाहीच सोडणार," व्हर्ना म्हणाली. "पी. निवतेय."

लायमनने वहीत मापे लिहिली आणि खाली लिहिले: फिटिंग, दर गुरुवारी, अकरा वाजता. व्हर्नाने ते खांद्यावरून वाचले. बावीस वर्षांत कुणाला दुसरे फिटिंग लागले नव्हते. लायमनचे पहिलेच माप शेवटचे असे, आणि तोच त्याचा अभिमान होता. ती काही बोलली नाही. तिच्या आयुष्यात असे फार थोड्या वेळा घडले असेल.

मधले दिवस लायमनला शांत गेले नाहीत. पिस्तूल आणि दोन रायफली मागच्या खोलीत कुलपात होत्या. गोळ्यांचा वाडगा त्याने आणखी वेगळ्या जागी ठेवला, मग तीही जागा बदलली. मुलगी डेन्व्हरहून आली होती आणि वडिलांजवळ राहत होती. डॉक्टरबाईंनी औषध दिले होते आणि बोलायला एक माणूस नेमून दिला होता. सगळे झाले होते, तरी कातडे कापायची रापी हातात घेतली की लायमनचा हात थांबे. त्याने कातडे कापले, ओले केले आणि तसेच झाकून ठेवले. रोज संध्याकाळी त्यावर पुन्हा पाणी शिंपडले. कातड्याला असे कोणी करत नाही, ते कुजते. ते त्याला ठाऊक होते.

गुरुवारी अकरा वाजले. सव्वाअकरा वाजले. बाराला त्याने दार उघडून रस्ता पाहिला, वाऱ्याने डोळ्यांत धूळ घातली. साडेबाराला व्हर्ना म्हणाली, "तू त्या बैठकीवर तरी बस, नाहीतर बाहेर जा. इकडून तिकडे, इकडून तिकडे. माझा दोरा गुंततोय."

"फोन करू का?"

"पाच मिनिटं थांब. मग मी करते."

पावणेएकला पिकअप आली. मर्ल आत शिरला तेव्हा वारेचा आणि ओल्या गवताचा वास त्याच्याबरोबर शिरला. बाह्या कोपरापर्यंत वाळल्या रक्ताने कडक झाल्या होत्या, दाढी चार दिवसांची होती, आणि मागून बिस्किट येऊन थेट व्हर्नाच्या पायाशी आडवा झाला.

"उशीर झाला," मर्ल म्हणाला. "जुळी होती. दुसरं उलटं आलं, पेरीचा हात पुरेना. बसू का? रात्रभर उभा आहे."

तो बैठकीवर बसला, पट्टा न लावताच, आणि मान मागे टेकली. लायमन पलीकडून शेजारी जाऊन बसला. दोघे भिंतीकडे पाहत राहिले. मर्लची टाच पेडलवर होती आणि हलत होती, पण थकलेल्या माणसाची हलते तशी.

"दोन्ही जगली?" लायमनने विचारले.

"एक जगलं. दुसरं बघायचं. दूध ओढेल तर जगेल." त्याने बाहीवरचे वाळले रक्त नखाने खरवडले. "आज सकाळी पुलाजवळून आलो. वाईट होतं जरा. थांबलो नाही."

"बरं केलंस."

"म्यानाचं काय झालं?"

लायमनने टेबलावर झाकलेल्या कातड्याकडे पाहिले.

"अजून ओलं आहे," तो म्हणाला.

"असू दे," मर्ल डोळे मिटत म्हणाला. "घाई नाही."